मनगटाला कळतं

श्रावणातली झड लागली होती. डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावर, कुडाच्या घरात, चार महिन्यांचं पोर आईच्या मांडीवर झोपलेलं. तीन दिवसांचा खोकला होता. मी दारातच छत्री ठेवली, आत जाऊन बाजूला बसले आणि आईला म्हटलं, "हलवू नको त्याला. फक्त झबलं वर कर." श्वास मोजायचा तर पोर शांत हवं. हात लागला, रडू फुटलं, की मोजणं फुकट जातं. म्हणून आधी मोजणी, मग हात धुणं, मग तपासणी.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलेलं चालत नाही, कारण तान्ह्याचा श्वास एका लयीत चालत नाही. भरभर जातो, मध्येच थबकतो, पुन्हा धावतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्याचा ५० किंवा जास्त आणि पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, असा श्वास आला तर तो जलद. खोकला आणि जलद श्वास एकत्र दिसले की न्यूमोनिया धरायचा आणि औषध सुरू करायचं. आमच्या कामातला हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात मोलाचा आकडा. त्याला यंत्र लागत नाही. नजर आणि घड्याळ लागतं.

अठरा वर्षं मी हा आकडा काट्याच्या घड्याळावर काढला. एक डोळा सेकंदकाट्यावर, एक डोळा पोराच्या पोटावर. काटा पुढे सरकलेला बघायला मान वळवली की एखादा श्वास निसटायचा, आणि ४९ की ५१ हे त्या एका निसटलेल्या श्वासावर ठरायचं. आशाताईंच्या पिशवीत नवजात बाळाच्या गृहभेटींसाठी डिजिटल घड्याळ असतं, त्यांचीही तीच तारांबळ व्हायची. अंधाऱ्या घरात तर दोघी बसायचो. एक 'सुरू' आणि 'थांब' म्हणायची, दुसरी मोजायची.

त्या दिवशी मी मनगटावरच्या घड्याळात एक मिनिट लावलं आणि पोराच्या पोटावरून नजर हलवली नाही. कौलांवर पाऊस वाजत होता, त्यात कुठलाही गजर ऐकू आला नसता. साठाव्या सेकंदाला मनगटात थरथर झाली. ५४. बरगड्या आत ओढल्या जात नव्हत्या, पोर दूध ओढत होतं. औषधाचा पहिला डोस तिथेच पाजला, पुढचे कसे द्यायचे ते आईकडून दोनदा वदवून घेतलं, आणि दोन दिवसांनी परत गेले तेव्हा ४२ मोजले. दोन्ही वेळा त्या मिनिटात मी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

हे घड्याळ मुलाने दिलेलं. पडघ्याजवळच्या एका गोदामात तो कामाला लागला, पहिल्या पगारातून दीड हजाराचं आणलं. "आई, चिखलात पडलं तरी चालतं," म्हणाला. पहिला आठवडा मला त्याचा जाच झाला. गटावरचे शुभसकाळचे फोटो, बँकेच्या जाहिराती, कुणाचे वाढदिवस, सगळं मनगटावर येऊन थडकायचं. मग एका रविवारी बसून सगळं बंद केलं. फोन, आरोग्य केंद्राचा गट आणि गजर एवढंच ठेवलं. कुणी नवं घड्याळ घेतलं की मी पहिल्यांदा हेच सांगते. मनगटाला कामाचंच कळू द्यावं, नाहीतर चार दिवसांत ते कशालाच दाद देईनासं होतं.

आम्ही आसनगावला राहतो. ह्यांची नोकरी ठाण्याला, पहाटेच्या लोकलने जावं लागतं. कल्याणच्या पलीकडे गाड्या विरळ. एक चुकली की पुढचीसाठी किती वेळ फलाटावर उभं राहायचं हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आमचं घर दीड खोलीचं. पूर्वी गजर वाजला की ह्यांच्याबरोबर सासूबाई उठायच्या आणि त्यांना नंतर झोप लागायची नाही. वीस वर्षं त्या माउलीने लोकलच्या वेळेला जाग काढली. आता मुलाने ह्यांनाही तसलंच घड्याळ दिलं आहे. पहाटे ह्यांचं मनगट थरथरतं, ते अंधारात चहा करून निघून जातात, आणि सासूबाई उजाडेपर्यंत झोपतात. त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं तसंच आहे, पण चेहऱ्यावरचा ओढलेपणा गेला. घड्याळाच्या डब्यावर छापलेल्या उपयोगांच्या यादीत सासूबाईंची झोप नव्हती.

आमच्या भागाला घड्याळ तसं रेल्वेनेच लावलं. १८६१ साली रूळ कसाऱ्यापर्यंत आले आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला गेले. त्याआधी दिवस कासऱ्याने मोजायचा, कासराभर वर आला, कासराभर राहिला. रात्र कोंबड्याने आणि शुक्राच्या चांदणीने. रेल्वे आली तीही वेळेचा घोळ घेऊन. त्या शतकाच्या शेवटी आगगाड्या मद्रासच्या वेळेवर धावत, आणि ती वेळ मुंबईच्या वेळेहून सुमारे अर्धा तास पुढे. १९०६ साली देशाची एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेली जुनी वेळ काही ठिकाणी १९५५ पर्यंत चालू होती. स्टेशनवर एक वेळ आणि शहरात दुसरी, अशा काळात दूध-भाजी घेऊन मुंबईला जाणारा माणूस कुठल्या वेळेवर विश्वास ठेवत असेल? मला वाटतं, तो गाडीच्या शिट्टीवरच ठेवत असेल. आजही रुळालगतच्या शेतात बायका गाडी गेली की भाकरी सोडतात.

माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं. तिथे रेल्वे नाही, अजूनही नाही. कल्याणला जायचं तर एसटी. माझे वडील, अण्णा, प्राथमिक शिक्षक होते. एचएमटीने १९६१ साली बंगळूरला घड्याळं बनवायला सुरुवात केली. अण्णांकडे त्या कंपनीचं चावीचं घड्याळ होतं आणि आमच्या वाडीत घड्याळ असलेलं घर आमचंच. रात्री-अपरात्री कुणीतरी कंदील घेऊन दारात यायचं. "गुरुजी, पोरगा झाला, किती वाजले?" अण्णा घड्याळ बघायचे आणि विचारायचे, "घरून निघाल्यावर कुठे थांबलात का? ओढ्याला पाणी किती होतं?" तेवढी मिनिटं मनातल्या मनात वजा करायचे, मग वेळ कागदावर लिहून द्यायचे. वाडीतल्या माझ्या वयाच्या कितीतरी माणसांची जन्मवेळ ही अशी, ओढ्याचं पाणी वजा करून आलेली आहे. आता प्रसूतीची वेळ मी नोंदवहीत मिनिटासह लिहिते तेव्हा अण्णांचा तो झुकलेला चेहरा आठवतो. मात्र प्रसूतीच्या खोलीत जाताना घड्याळ उतरवावं लागतं, बांगड्याही. कोपरापर्यंत हात मोकळे हवेत. पट्ट्याखाली घाम आणि जंतू दोन्ही साठतात. तिथे भिंतीवरचं घड्याळच खरं.

वेळ लावून ठेवण्याचा आणखी एक उपयोग मला प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या रात्रपाळ्यांनी शिकवला. आवणीच्या दिवसांत सर्पदंशाचे रुग्ण येतात. घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात भिनलं की रक्त गोठत नाही, आणि ते ओळखायला साधी चाचणी आहे: थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग नळी तिरकी करून बघायची. रक्त गोठलेलं नसेल तर विष चढलं आहे. मण्यारीच्या विषाची गोष्ट वेगळी. तिथे नळी काही सांगत नाही, पापण्या जड झाल्या का ते बघत राहावं लागतं. ती २० मिनिटं काढणं फार कठीण. बाहेर व्हरांड्यात बायको रडत असते, भाऊ दर दोन मिनिटांनी आत डोकावतो, आणि हात आपोआप नळीकडे जातो. लवकर हलवली तर चाचणी वाया. पूर्वी वेळ हातावर पेनाने लिहायचे आणि घामाने पुसली जायची. आता २० मिनिटं लावते आणि रुग्णाजवळ बसते, त्याच्या पापण्यांकडे बघत. दंश किती वाजता झाला, हे मात्र घरच्यांनीच सांगावं लागतं. म्हणून पाड्यांवर सांगत असते: साप चावला तर कापू नका, दोरी आवळू नका, भगताकडे वेळ घालवू नका, फोनवर किंवा घड्याळात किती वाजले ते बघून ठेवा आणि १०८ ला फोन करा.

फोन करा म्हणणं सोपं. रेंज हवी ना. आमच्या पाड्यांवर रेंजचा एक दगड असतो, एखादं आंब्याचं झाड असतं, टाकीमागचा एखादा कोपरा असतो. पावसाळ्यात मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये, पर्स रेनकोटच्या आत. पूर्वी दगडाजवळून चालत गेले तरी आत आलेला फोन कळायचा नाही. आता दगड आला की मनगट सांगतं आणि मी जागच्या जागी थांबते. एकदा अशी थांबल्यामुळेच किन्हवलीच्या बाजूच्या एका बाईच्या कळांचा निरोप वेळेत मिळाला. बाकी बारीक उपयोग खूप आहेत. घरात हरवलेला मोबाइल घड्याळातून वाजवला तर एकदा तांदळाच्या डब्यामागे सापडला. वीज गेली की पडद्याचा उजेड कडी शोधायला पुरतो, पण वाटेवर चालायला मुळीच नाही. तिथे चांगली बॅटरीच हवी. आणि पावसात दोन दिवस वीज नसली तरी घड्याळ चालू राहतं, मोबाइल मान टाकतो.

आता ज्याबद्दल मला मनापासून सांगायचं आहे ते. मुरबाडला जाताना सरळगावच्या अलीकडे एसटीत शेजारी एक गृहस्थ बसले होते, माझ्याच वयाचे. माझं ओळखपत्र बघून त्यांनी मनगट पुढे केलं. "बघा सिस्टर, रोज १२०-८०. गोळी बंद केली मी." त्यांच्या घड्याळात खरोखर तेच आकडे होते. मुरबाडला उतरल्यावर मी त्यांना स्टँडवरच्या बाकावर बसवलं, पाच मिनिटं गप्प राहायला सांगितलं आणि पिशवीतल्या पट्ट्याच्या यंत्राने रक्तदाब घेतला. १६८-१००. दुसऱ्या हातावरही तेवढाच. ते माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले, जणू मीच त्यांचं काहीतरी काढून घेतलं.

स्वस्त घड्याळ नाडी कशी बघतं हे समजून घेतलं की त्याची मर्यादाही समजते. पाठीमागे हिरवा दिवा असतो. रक्त हिरवा प्रकाश शोषतं. ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं, परतणारा उजेड कमी होतो, आणि त्या कमी-जास्तीवरून ठोके मोजले जातात. स्वस्थ बसलेल्या माणसाचे ठोके त्यात बऱ्यापैकी बरोबर येतात. पट्टा सैल असला, हात हलत असला, की चुकतात. पण दंडाला पट्टा न आवळता असलं घड्याळ जो रक्तदाब दाखवतं त्याच्यावर गोळी सुरू किंवा बंद करता येत नाही. साखरेचं तर त्याहून वाईट. सुई न टोचता साखर मोजतो म्हणणाऱ्या घड्याळांपासून आणि अंगठ्यांपासून दूर राहा, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. आमच्या आठवडी बाजारात अशी घड्याळं पट्ट्यांच्या आणि कमरेच्या बेल्टच्या शेजारी टांगलेली असतात. मी दर बुधवारी, दर शिबिरात हे सांगते, आणि सांगत राहणार आहे. त्या गृहस्थांची गोळी पुन्हा सुरू झाली. त्यांना मी घड्याळ फेकायला सांगितलं नाही. सकाळी आठला गोळीची आठवण लावून दिली. तेवढ्यासाठी ते उत्तम आहे.

आईलाही मी तेच दिलं. ती मुरबाडकडच्या घरी एकटी असते. तिला वाचता येत नाही. शेजारच्या फांगण्यात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठीपुढच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून पाटी-दप्तर घेऊन बसतात, ते बघून आईलाही हुरूप आला होता. पण डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि गाव दुसरं. अण्णांसारख्या मास्तरांच्या घरात राहून ती अंक शिकली नाही ह्याची खंत तिला आहे, आणि खरं तर ती खंत आम्ही बाळगायला हवी. घड्याळातला आकडा तिला लागत नाही. थोडं थांबून थांबून थरथरलं की गोळी, सलग थरथरत राहिलं की माझा फोन. दोन दिवसांत तिने ओळखलं. परवा फोनवर म्हणाली, "मनगट बोललं गं, घेतली गोळी." ती पडली तर मला कळेल असलं घड्याळ मिळतं, महाग असतं; पैसे जमवते आहे.

पाड्यावर एक आजी आहे. तिला माझ्या मनगटातला हिरवा उजेड फार आवडायचा. "बाय, माझं काळीज बघ ना त्यात," म्हणाली. मी घड्याळ उतरवून तिच्या हाताला बांधलं. मनगटापासून कोपरापर्यंत तिचं गोंदण, ठिपके, तुळस, नक्षीच्या ओळी, वर्षांनी निळसर झालेल्या. घड्याळ बराच वेळ लुकलुकत राहिलं. आकडा येईना. नुसत्या आडव्या रेघा. गोंदणाची शाई तो हिरवा उजेड गिळते, रक्तापर्यंत पोचूच देत नाही. आजीचा चेहरा उतरला. "नाही का माझ्यात काळीज?" मी तिचं मनगट हातात घेतलं, अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं ठेवली आणि पूर्ण मिनिट मोजलं. ७२. तिला सांगितलं. मेल्यावर सगळं काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणतात. आजीने तो हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, "तुझ्या बोटानला समजलं ना, मंग झालं."

आणि पाणी. तानसाचं धरण १८९२ चं, ते शहापूर तालुक्यात. मुंबईच्या पाण्याचा फार मोठा वाटा पुरवणारं भातसा धरणही शहापुरातच. एप्रिल-मे लागला की ह्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघतात, नाहीतर बायका विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. गेल्या मे महिन्यात लोहाच्या गोळ्या वाटायला गेले होते. एक सहा महिन्यांची गरोदर मुलगी डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढत होती. रक्त नऊच्या खाली, आणि रोजच्या किती खेपा विचारलं तर म्हणाली, "सहा-सात." ग्रामसभेपुढे ठेवायला मला आकडा हवा होता. बाई किती चालते हे कागदावर आलं तर टँकर पाड्याच्या वरपर्यंत आणण्याचं बोलता येतं. मी घड्याळ तिच्या हाताला बांधलं, पावलं शून्यावर आणली आणि विहिरीपासून तिच्या मागे निघाले.

दारात पोचलो. घड्याळात २१४. एवढा चढ, एवढं अंतर, आणि २१४? मला वाटलं बिघडलं. मग लक्षात आलं. हे घड्याळ पाय मोजत नाही, हाताचा झोका मोजतं. तिचा घड्याळाचा हात सगळी वाट हंड्याला धरून वर होता, दगडासारखा स्थिर. पाणी हिंदकळू नये म्हणून तिने तो वर्षानुवर्षं तसा शिकवला होता. रिकाम्या हाताने फिरायला जाणाऱ्याची दहा हजार पावलं ह्यात नीट उमटतात. हिची उमटत नव्हती.

दुसऱ्या खेपेला एक हंडा मी घेतला. घड्याळ पिशवीत टाकलं आणि तोंडाने मोजू लागले. ती पुढे, मी मागे. माझं मोजणं ऐकून तीही मोजू लागली. तिला विसापर्यंत पक्कं येत होतं. वीस झाले की "एक ईस" म्हणायची आणि पुन्हा एकपासून. मग आम्ही वाटून घेतलं, पावलं तिने मोजायची, विसा मी धरायच्या. बाभळीपाशी सोळा विसा झाल्या, ती श्वास घ्यायला थांबली, तेव्हा मी तिच्या छातीकडे बघितलं आणि दोघी आणखी थोडा वेळ थांबलो. दारात हंडा उतरवला तेव्हा सत्तावन्न विसा झाल्या होत्या आणि वर तीन.

"किती झालं?" तिने विचारलं.

मी पिशवीतून वही काढली आणि तिच्यासमोर लिहिलं: एका खेपेला ११४३.